खेळणं थांबवून शिकवायला लागताना: मराठवाड्यातल्या होतकरू टेनिस कोचसाठी

आठ-दहा वर्षं टेनिस खेळलात. राज्य पातळीवर नाव लागलं, एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, स्पर्धांत थोडंफार फिरलात, विद्यापीठाच्या संघातही होतात. आता वय पंचविशीला टेकलंय आणि घरी रोज एकच विषय निघतो, ‘मग पुढं काय करायलास?’ या वळणावर उभ्या असलेल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी खांद्यामुळे खेळ थांबवला आणि शिकवायला लागलो. पहिली दोन वर्षं जवळजवळ सगळं चुकलं.

चुकायचं मूळ एकाच ठिकाणी होतं. समोरच्याला बॉल मिळू नये अशा जागी तो मारायचा, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. कोचला तोच बॉल समोरच्याच्या सोयीने टाकावा लागतो. हातात मुरलेली ही सवय उलटी फिरवायला वेळ लागतो, आणि चांगला खेळाडू असेल तर जरा जास्तच लागतो.

आधी वही काढा

खेळत राहायचं की शिकवायचं, हे ठरवण्याआधी आकडे मांडा. प्रोफेशनल सर्किटवरची पुरुषांची सर्वांत खालची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा म्हणजे एम-१५. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्याच्या वाट्याला त्यातले दीडशे डॉलरच्या आसपास येतात, तेही कर कापायच्या आधी. त्यातून प्रवास, खोली, जेवण आणि गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं) भागवायचं. आयटीएफने २०१३ सालच्या आकड्यांवरून एक आढावा घेतला होता. त्यात पुरुषांत साधारण ३३६ वा आणि महिलांत २५३ वा क्रमांक गाठल्यावर खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी होते असं दिसलं. कोचचा खर्च त्यात धरलेलाच नव्हता. आपल्याकडून आधी पुण्याला जायलाच एक रात्र एसटीत जाते, तो खर्च वेगळा.

हे वाचून लगेच रॅकेट टांगून ठेवू नका. वय वीसच्या आत असेल, अंगात दम असेल आणि घरचं पाठबळ असेल तर खेळा. मात्र किती वर्षं आणि किती पैसे, हे आधी लिहून ठेवा. ‘बघू अजून एक सीझन’ म्हणत सहा सीझन घालवलेले लोक मला माहीत आहेत.

दुसरा एक गैरसमज. मोठा खेळाडू नव्हतो, तर आपल्याला कोच म्हणून कोण विचारणार? डॅरेन केहिल १९८८ च्या यूएस ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, पुढे गुडघ्याने घात केला. आज जग त्याला ओळखतं ते ह्यूइट, आगासी, हालेप आणि सिन्नर यांचा कोच म्हणून. राफाएल नदालला घडवणारा त्याचा काका टोनी नदाल तर खेळाडू म्हणून कुणाला ठाऊकच नव्हता. आपल्याकडे नंदन बाळ आणि झीशान अली हे दोघे डेव्हिस कप खेळले आणि पुढे भारतीय संघाचे कोचही झाले. खेळलेलं कामाला येतं, मॅचचं दडपण आतून माहीत असतं, हे खरं. पण आठ वर्षांच्या पोराला तुमचं रँकिंग दिसत नाही. त्याला फक्त समोर येणारा बॉल दिसतो.

पहिले तीन महिने दुसऱ्याच्या कोर्टवर

स्वतःच्या नावाची अकॅडमी उघडायची घाई सगळ्यांना होते. बॅनर छापायला एक दिवस पुरतो. त्याआधी निदान तीन महिने एखाद्या जुन्या कोचच्या हाताखाली काढा. बॉल गोळा करा, नेट बांधा, लहान पोरांच्या बॅचला उभे राहा. पैसे मिळतील न मिळतील. संभाजीनगरला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिस नियमित चालतं, तिथल्या सकाळच्या बॅचला नुसतं बसून पाहिलं तरी बरंच कळतं. तुमच्या जिल्ह्यात असं कुणी नसेल तर बॅडमिंटनचा किंवा खो-खोचा चांगला कोच शोधा. हसू नका, तीस पोरं एका शिट्टीत कशी हलवायची हे खो-खोच्या मास्तरांइतकं कुणालाच येत नाही.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा. कोच किती वेळ बोलला, एका पोराने किती बॉल मारले, आणि रांगेत किती वेळ उभं राहिलं. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझ्याच बॅचमधलं एक पोरगं तासाभरात चाळीस बॉलसुद्धा मारत नव्हतं. बाकी वेळ ते माझं भाषण ऐकत होतं.

क्लबमध्ये मार्कर म्हणून काम मिळालं तर कमीपणा मानू नका. कोर्टला पाणी मारणं, रोलर फिरवणं, मेंबरसोबत खेळणं हे मार्करचं काम, आणि देशातल्या कित्येक कोचची सुरुवात तिथूनच झाली. मार्करला एक गोष्ट आपसूक येते, ती म्हणजे समोरच्याच्या कुवतीचा बॉल देणं. मेंबर साहेब हरून घरी गेले तर उद्या येणार नाहीत, आणि सहज जिंकले तरी त्यांना करमत नाही. रॅली त्यांच्या आवाक्यात, पण थोडं पळवून ठेवायची. हीच तर कोचिंगची बाराखडी आहे.

फीडिंग

फीडिंग म्हणजे सरावासाठी पोराला बॉल देणं. यावर जास्त लिहितो, कारण नवा कोच इथंच सगळ्यांत कमी मेहनत घेतो.

फीडिंगचे तीन प्रकार धरा. हाताने टाकलेला बॉल, बास्केटमधून रॅकेटने दिलेला बॉल, आणि प्रत्यक्ष रॅलीतला बॉल. पाच-सात वर्षांच्या मुलाला पहिले काही आठवडे हातानेच टाका. दोन-तीन मीटरवर उभे राहा, खालून टाका, टप्पा पडून बॉल त्याच्या कमरेइतका वर आला पाहिजे. तुमच्या कमरेइतका वर आला तर तो त्याच्या तोंडावर जातो. गुडघ्यावर बसून टाकलंत तर अंदाज चांगला येतो.

रॅकेटने फीड करण्याचा सराव एकट्याने करा. पोरं यायच्या आधी अर्धा तास मैदानावर जा. पलीकडच्या बाजूला ट्रॅक्टरचा जुना टायर ठेवा, आपल्याकडे तो कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतो, आणि शंभर बॉल त्यात टाकायचा प्रयत्न करा. टप्पा टायरमध्ये, उंची सारखी, दोन बॉलमधलं अंतरही सारखं. ऐंशी पडायला लागले की टायर हलवा. ऐंशी पडेपर्यंत मला दीड महिना लागला, आणि तोवर मी स्वतःला चांगला खेळाडू समजत होतो.

नंतरची पायरी म्हणजे बोलत बोलत फीड करणं. त्यानंतर बॉलकडे न बघता फीड करणं. कारण तुमचे डोळे पोराच्या पायांवर हवेत. बॉल जाळ्यात गेला की नवा कोच म्हणतो ‘मनगट बघ, मनगट’. बहुतेक वेळा चूक पायात असते. पोरगं बॉलपर्यंत पोचलेलंच नसतं, किंवा इतकं जवळ गेलेलं असतं की हात मोकळा सुटत नाही. तुम्ही बॉलच्या मागे बघत राहिलात तर हे कधीच दिसणार नाही.

एका वेळी एकच दुरुस्ती. पाय सांगितले तर त्या दिवशी पकड विसरा. खेळाडूच्या डोक्यात दहा गोष्टी एकदम चालतात आणि त्या दहाही पोराला सांगाव्यात असं वाटतं. जीभ चावा.

लाल, नारिंगी, हिरवा

मोठ्यांचं कोर्ट ७८ फूट लांब. आठ वर्षांच्या मुलाला त्या कोर्टवर पिवळ्या बॉलने उभं करणं म्हणजे त्याला मोठ्या माणसाची चप्पल घालून पळायला लावणं. आयटीएफने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू केली ती यासाठीच. लाल बॉल साध्या बॉलपेक्षा साधारण ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल बॉलसाठी ३६ फुटी कोर्ट, नारिंगीसाठी ६० फुटी, हिरव्याला पूर्ण कोर्ट. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा बॉल वापरायचा नाही, असा आयटीएफचा नियमच आहे.

यात नव्या कोचच्या कामाची एक गंमत आहे. डबल्सच्या कोर्टची रुंदी बरोबर ३६ फूट असते. म्हणजे एकच कोर्ट आडवं वापरलं तर त्यात चार छोटी कोर्ट सहज बसतात, आणि आठ पोरं एकाच वेळी खरी रॅली खेळू शकतात. मधे नेटऐवजी दोरी बांधा, तिच्यावर जुनी साडी किंवा बारदान टाका. फक्की मारायची तर मारा, नाहीतर खडू चालतो.

रॅकेट मुलाच्या उंचीप्रमाणे. लाल बॉलला २१ ते २३ इंच, नारिंगीला २३ ते २५, हिरव्याला २५-२६. ‘दोन वर्षांनी मोठा होईल, आत्ताच २७ ची घेऊ’ असं वडील म्हणतातच. त्यांना दुकानातली मोठी रॅकेट पोराला एका हाताने सरळ समोर धरून दाखवायला सांगा. हात खाली आला की वाद मिटतो.

पहिल्या दीड महिन्यात काय शिकवायचं? बॉल झेलणं, टप्पा ओळखणं, रॅकेटवर बॉल खेळवणं, फोरहँड, आणि फेकणं. फेकणं मुद्दाम सांगतो. सर्व्हिस म्हणजे वरून फेकण्याचीच हालचाल आहे. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या पोराला ती येते, बाउंड्रीवरून थ्रो करून करून हात तयार झालेला असतो. आपल्याकडे मुलींना गल्लीत फेकायला कुणी बोलावलेलंच नसतं. मग त्यांची सर्व्हिस ‘कच्ची’ म्हणायची आणि मोकळं व्हायचं, हा अन्याय आहे. पंधरा दिवस नुसते जुने बॉल कुंपणापलीकडे फेकायला लावा. फरक तुम्हालाच दिसेल. सर्व्हिसची पकड शिकवताना ‘कॉन्टिनेंटल’ हा शब्द नंतर. आधी ‘हातोडी धरतोस तशी धर’. हात मागून वर कसा येतो हे दाखवायला मी पूर्वी गोफणीचं उदाहरण द्यायचो. आता ज्वारीच्या गावातल्या पोरांनाही गोफण ठाऊक नसते, म्हणून आजोबांना विचारून यायचा गृहपाठ देतो. आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतःच कोर्टवर येतात आणि वीस मिनिटं जातात, पण असू दे.

कागद

सर्टिफिकेटशिवाय शिकवता येतं, पण शाळा, संकुल किंवा क्लब दारात उभं करताना कागद मागतात. एआयटीए आपल्या देशात आयटीएफच्या पद्धतीचे कोचिंग कोर्स घेते. सुरुवातीच्या पातळीवर नवशिके आणि मध्यम खेळाडू, वरच्या पातळीवर प्रगत खेळाडू कसे हाताळायचे ते शिकवतात. परीक्षेत तुमचा खेळ बघतात, आणि दिलेल्या विषयावर मुलांना प्रत्यक्ष शिकवूनही घेतात. खेळाडू हमखास अडखळतात ते दुसऱ्या भागात. आयटीएफ अकॅडमीच्या ऑनलाइन व्यासपीठावर मोफत साहित्य भरपूर आहे, आधी ते वाचून जा.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा सगळ्यांत वजनदार. त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षीच्या यादीत टेनिस आहे का ते बघा. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. लागेल. प्रथमोपचाराचा एखादा छोटा कोर्स यातल्या कशाहीबरोबर करून टाका.

जागा

जिल्ह्याच्या गावी कोर्ट कुठं असतं? क्रीडा संकुलात, ऑफिसर्स क्लबमध्ये, एखाद्या मोठ्या कॉलेजात. संकुलासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, वेळ आणि भाडं कागदावर घ्या. ऑफिसर्स क्लबचं कोर्ट सहसा सुस्थितीत असतं, अडचण वेगळीच येते. टेनिसची आवड असलेल्या साहेबांची बदली झाली की नेटही गायब होतं. तोंडी परवानगीवर बॅच उभी करू नका. मी केली होती. एका सकाळी गेटला कुलूप होतं आणि बाहेर अठरा पोरं.

कोर्टच नसेल तर शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान बघा. ते २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं, नारिंगी बॉलचं १८ मीटरचं कोर्ट त्यात आरामात बसतं. जवळ एखादी गुळगुळीत भिंत असेल तर तिच्यावर ३ फुटांवर रेघ मारा, मधोमध नेटची उंची तेवढीच असते. भिंत कधी थकत नाही आणि फी मागत नाही.

स्वतःचं कोर्ट बांधायची वेळ आलीच तर आपल्या जमिनीचं ऐका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट सिमेंट ओतलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोर्ट तडकतंच. काळी माती खणून काढायची, मुरूम आणि खडीचे थर टाकून प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा, मग वरचं काम. खणायला किती लागेल ते जागा बघून इंजिनिअरच सांगेल. घराचे कॉलम भरणारा ओळखीचा मिस्त्री इथं चालत नाही. कोर्ट उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत सूर्य. पाणी वाहून जायला एकाच दिशेने सुमारे एक टक्का उतार ठेवा. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार असं करू नका. कुंपणासकट साधारण १२० बाय ६० फूट जागा धरा.

मातीचं कोर्ट पायांना मऊ, खर्चाला कमी, आणि मला मनापासून आवडतं. पण त्याला रोज पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात मे महिन्यात कोर्टवर पाइप सोडून उभं राहायचं म्हणजे लोकांच्या शिव्या खायच्या, आणि त्या रास्तच असतात. वापरलेलं पाणी मिळायची सोय असेल तरच मातीचं करा.

बॅच, फी आणि पालक

बारा पोरांना एक कोच, यापुढे मदतनीस घ्या. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी साडेपाचनंतर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचं शिबिर ठेवणारा कोच मला कळत नाही. संध्याकाळच्या बॅचला दिव्यांची सोय असली तरी वीज जातेच, त्या वेळेसाठी कोर्टबाहेरचा व्यायाम तयार ठेवा.

फी ठरवताना उलटा हिशोब करा. समजा महिन्याला कोर्टभाडं ६,०००, बॉल आणि किरकोळ ४,०००, मदतनीसाला ५,०००. म्हणजे १५,००० तुमच्या खिशात पैसा यायच्या आधीच गेले. वीस पोरं आणि हजार रुपये फी असेल तर उरतात पाच. हा आकडा समोर आला की ‘ओळखीतला आहे, निम्मी घ्या’ला काय उत्तर द्यायचं ते सुचतं. गरजू मुलाला पूर्ण माफी द्या, पण कुणालाही निम्मी देऊ नका. निम्मी दिलेली गोष्ट आठवडाभरात गावभर होते. पावती पुस्तक ठेवा. सकाळी लवकर मेंबर लोकांची तासभर बॅच घेतली तर सुरुवातीची दोन वर्षं तीच तुम्हाला जगवते.

आता आपल्या भागातली खरी स्पर्धा. ती दुसऱ्या अकॅडमीशी नसते, शिकवणीशी असते. लातूर पॅटर्न म्हणा, नांदेडचे क्लासेस म्हणा, पोरगं आठवीत गेलं की घरचे म्हणतात, ‘सर, आता जरा अभ्यासाचं बघायलोत.’ डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी आठवीपासून सुरू होते आणि चांगलं तयार झालेलं पोरगं हातचं जातं. याच्याशी भांडून उपयोग नाही. मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्याला तीन दिवस, पाऊण तासाची वेगळी बॅच ठेवली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फी बंद. पूर्वी दहातली दोन टिकायची, आता पाच टिकतात. क्रीडा ग्रेस गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण पालकांना माहीत असतं, पण ते कुठल्या पातळीच्या स्पर्धेला लागू होतं हे नीट माहीत नसतं. त्याचा चालू शासन निर्णय छापून फाइलमध्ये ठेवा आणि आमिष म्हणून वापरू नका.

‘सर, सहा महिने झाले यायलंय, मॅच कधी जिंकल?’ हा प्रश्न येणारच. दर तीन महिन्यांनी पालकांना कोर्टच्या आत बोलवा आणि पोरासोबत लाल बॉलने रॅली करायला लावा. पोरगं बापाला पळवतं तेव्हा तो प्रश्न काही काळ तरी बंद होतो.

स्पर्धा

सुरुवात घरच्या मैदानावर करा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, त्या दिवशी आम्ही हिरव्या बॉलच्या एका दिवसाच्या मॅचेस ठेवतो. चार गेमचा छोटा सेट, गटात सगळ्यांच्या सगळ्यांशी मॅच, म्हणजे पहिलीच हरून कुणी घरी जात नाही. गुण पोरांनीच मोठ्याने म्हणायचे, बॉल आत की बाहेर हेही त्यांनीच सांगायचं. पालक कुंपणाबाहेर.

मग शालेय क्रीडा स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. आपल्या जिल्ह्यात प्रवेशिका कमी येतात, त्यामुळे नवखं पोरगंही कधी कधी थेट विभागाला जातं आणि तिथं शून्यावर हरतं. त्याला आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

एआयटीएच्या ज्युनियर स्पर्धा १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या. आधी खेळाडूची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, जन्मदाखला हवा. सगळ्यांत खालची पायरी टॅलेंट सिरीज, पुढे चॅम्पियनशिप, सुपर आणि नॅशनल सिरीज. प्रवेशिकेची आणि नाव मागे घेण्याची तारीख वेगवेगळी असते, दोन्ही कॅलेंडरवर लिहा. पहिल्या वर्षी दोन-तीनच स्पर्धा निवडा, संभाजीनगर, सोलापूर किंवा पुण्यातल्या. दर आठवड्याला बॅग भरून धावणारी पोरं थकतात, आणि सुधारायला सरावाचा वेळच उरत नाही.

बाहेरून सूचना देण्याबद्दल. १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमांनी कोर्टबाहेरून कोचिंगला वाट मोकळी केली. तरीही तुमच्या स्पर्धेत ते चालतं का, हे मॅचआधी रेफरीला विचारा. चालत असलं तरी मी गप्प बसतो. बारा वर्षांच्या पोराने दोन पॉइंटच्या मधे माझ्याकडे बघायची सवय लावून घेतली, की तिसऱ्या सेटमध्ये ते स्वतः विचार करत नाही.

जपायच्या गोष्टी

ऊन. दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याची एक कॅन कोर्टवर कायम. पोरगं चिडचिड करायला लागलं किंवा घाम थांबून अंग तापलं तर आधी सावलीत न्या, कपडे ओले करा आणि दवाखाना गाठा. ‘जरा बस, बरं वाटेल’ म्हणून वाट बघू नका.

मुलांची सुरक्षितता. पकड दुरुस्त करताना हात लावावा लागला तर आधी विचारा, आणि इतरांसमोरच लावा. मुलांशी वैयक्तिक मेसेज नाहीत, ग्रुपमध्ये पालक असलेच पाहिजेत. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर सोबत एक महिला हवीच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि काही घडल्याचं माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. आपल्या मदतनीसाबद्दल असलं तरी कळवायचं.

आणि तुमचं स्वतःचं शरीर. बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. बहात्तर बॉलचं बास्केट म्हणजे चार किलोच्या वर, दिवसात ते वीस-पंचवीस वेळा उचलता. फीडिंग कधी डाव्या, कधी उजव्या हाताने करायला शिका. आठवड्यातून एकदा तरी स्वतःसाठी खेळा. जो कोच स्वतः खेळायचं बंद करतो, तो हळूहळू फक्त ओरडायला लागतो.

पुढे पाठवताना

कधीतरी एखादं पोरगं असं निघेल, की त्याला रॅलीत तुम्ही पुरे पडणार नाही आणि गावात त्याच्या तोडीचं दुसरं कुणी नसेल. ते तेरा-चौदाचं व्हायच्या आत त्याला पुण्याला किंवा संभाजीनगरला पाठवायची बोलणी सुरू करा. घरचे तयार नसतील, तुमचंही मन होणार नाही. बॅनरवर त्याचाच फोटो असतो.

पाठवताना नव्या कोचसाठी पानभर टिपण द्या. कुठली पकड, कधी बदलली. कुठं दुखलं होतं, किती दिवस विश्रांती दिली. कुठल्या शब्दाने त्याला चटकन कळतं आणि कशाने ते गप्प होतं. मागच्या दहा मॅचेसचे स्कोअर, हरलेल्यांसकट. घरात निर्णय कोण घेतं, वडील की मामा. माझ्या शेवटच्या टिपणात खाली एक ओळ होती: सर्व्हिस चांगली आहे, टोपी विसरतो, दुपारच्या मॅचला आठवण करावी लागते.